हरवलं-सापडलं

एकतीस वर्षं मी या खुर्च्या पुसतेय.
तिसऱ्या बेसच्या मागे, विभाग एकशे बारा,
एका हातात लोकरीचा हातमोजा, छातीवर बिल्ला : व्हर्ना डूडेक.
जूनमध्ये एरी सरोवरावरून चिलटांचे ढग येतात,
दिव्यांभोवती नाचून खुर्च्यांवर मरून पडतात.
ती आधी झटकायची, मग माणसं बसवायची.

आरडाओरडा मला नवा नाही, गैरसमज नको.
ओळ पाचमधला स्टॅश व्होयनार, पोलाद कारखान्यातला,
त्याच्या तोंडाला बावीस उन्हाळे कुलूप नव्हतं.
एकदा आमचा गडी तिसऱ्या बेसवर बाद दिला
तर यानं स्वतःचा चष्मा सुतळीला बांधून
कठड्यावरून खाली सोडला :
"घ्या अंपायरसाहेब, मला आज बघण्यासारखं काही उरलं नाही."
डाव संपल्यावर अंपायर चालत आला,
सदऱ्याच्या टोकाला चष्मा पुसला,
सुतळीला दोनदा हिसका दिला. ओढ.
सगळा विभाग हसला, स्टॅशसुद्धा.
अंपायर पाठमोरा होता, पण खांदे हलत होते.

स्टॅश गेला. त्याची खुर्ची एका कंपनीनं घेतली.
कंपनी कधी येत नाही.

काल चौदा नंबरला एक जण होता,
शेजारी त्याचा मुलगा, सात-आठ वर्षांचा, मांडीवर ग्लोव्ह.
बापाचा एक डोळा फोनवर :
पाहुण्यांचा ओल्मेदो आज दोन हिट मारणार
यावर दोनशे चाळीस डॉलर.
ओल्मेदो तिसऱ्यांदा बाद झाला. चेंडूला शिवला पण नाही.
मग लेफ्ट फील्डात येऊन उभा राहिला, आमच्याकडे पाठ करून,
आणि चौदा नंबरच्या तोंडाचा पट्टा सुटला.
आधी पैसे. मग देश. मग आई.
आई मार्चमध्ये गेली, हे त्यानं फोनवर शोधलं होतं.
कशानं गेली, तेही. मोठ्यानं वाचून दाखवलं.
दोघं हसले. एकीनं चित्रण सुरू केलं.
बाकीचे शेंगदाणे सोलत राहिले, फार मन लावून.

मी पायऱ्या उतरू लागले.
माझ्या खिशात एक छापील कार्ड असतं,
त्यावर "कृपया" हा शब्द तीनदा आहे.
गुडघा धरतो, पोचायला वेळ लागतो.
मी पोचायच्या आत
मुलगा खुर्चीवर उभा राहिला
आणि तेच ओरडला, शब्द न् शब्द,
पडलेल्या दुधाच्या दाताच्या फटीतून.

सहा डाव ओल्मेदो वळला नव्हता.
आता वळला.
कोण ते पाहिलं,
टोपी जराशी खाली ओढली, बस्स.
बापानं पोराला दंडाला धरून बसवलं.
माझं कार्ड घेतलं नाही.

रात्री टरफलं, सांडलेलं चीज, चिलटं,
आणि चौदाच्या खाली ग्लोव्ह.
आत मार्करनं, वेडंवाकडं : लिंडन.
मी वहीत नोंद केली. लहान, तपकिरी, डाव्या हाताचा.

सकाळी दहाला बाप आला.
टोपी हातात, दाढी केलेली.
"माफ करा मॅडम, तुम्हाला उगाच त्रास."
मला ओळखलं नाही. मी म्हणजे बिल्ला आणि हातमोजा.
पोरगं रात्रभर झोपलं नाही म्हणाला, ग्लोव्हसाठी.
मी काही बोलले नाही.
वहीत सही केली, अक्षर सुरेख, शाळामास्तरासारखं.
तीनदा आभार मानले.
माझ्या दोन्ही हातांत बादल्या बघून
फाटक उघडं धरून उभा राहिला.
मैदानावर पाण्याचे फवारे चालू होते.
तिकडे बघत तो इतकं हळू बोलत होता
जणू गवत झोपलंय.

सामना सात दहाला.
चौदा नंबर मी दोनदा पुसला.
चिलटं परत येऊन बसली होती.